सोबत एक पिक

देवपूर, धुळे
४ ऑगस्ट २०२४

हितूभाऊ,

इतक्या दिवसांनी आणि तेही पत्र, म्हणून दचकू नका. माय बरी आहे, मीही बरी आहे. फोन दोनदा लावला होता. दोन्ही वेळा पाऊसपाणी, तुमचं दुकान, माझी शाळा एवढं बोलून झालं आणि दादाचं नाव निघायच्या आत आपण दोघांनीही फोन ठेवून दिला. पत्रात तशी पळवाट नसते.

काम असं आहे. प्रेमराजदादाची गिटार आता माझ्याकडे आहे. त्याने शिकवलेलं थोडंफार येतं, म्हणून मे महिन्यात नव्या तारा घातल्या आणि रोज संध्याकाळी घटकाभर वाजवते. त्याने स्वतः बांधलेली ती छोटी चाल, जिला त्याने नाव दिलं नाही आणि माय जिला 'सांजनं' म्हणते, तीही बऱ्यापैकी बसलीय. माय समोर बसते, पूर्ण ऐकते आणि मान हलवते. नकाराची. परवा म्हणाली, "सूर तोच शे वं, पन तो नही."

मी म्हटलं, वाजवतेय मी, तर तो कसा असेल? त्यावर ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहिते. "फोटोमा त्यानं तोंड शे. कपडास्मा त्याना वास व्हता, तो गया. आवाज तेवढा कानमा व्हता, आते तो बी जाई ऱ्हायना. एक डाव तसं वाजाड, मंग मी काही इचारसू नही."

त्याचं वाजवणं आमच्याकडे कुठेच नाही, हितूभाऊ. त्याचा फोन हायवेवर त्याच्याबरोबरच गेला. ऑर्केस्ट्राचे व्हिडिओ आहेत, पण त्यांत ढोल, निवेदक आणि शिट्ट्या. एकट्या गिटारचं काहीही नाही. जे आहे ते मायच्या कानात, आणि तिथूनही ते निसटायला लागलंय. दोन वर्षं होऊन गेली, मला तर त्याचं खोकणंसुद्धा नीट आठवत नाही.

मी पडले विज्ञानाची बाई. विचार केला, गिटार तीच, तारा त्याच जातीच्या, चाल तीच. मग वेगळं काय? तारा छेडायची ती तिकोनी चकती, पिक. मी शाळेजवळच्या स्टेशनरीतून आणलेली जाडजूड वापरते. दादाची कोणती होती? तुम्ही दोघं इतकी वर्षं एका स्टेजवर होतात, आता तर तुमचं वाद्यांचंच दुकान आहे. तुम्हाला माहीत नसेल तर कोणाला?

तुमची,
दिपमाला


जळगाव
११ ऑगस्ट २०२४

चि. दिपा,

पाकिटावरचं ते मास्तरणीचं अक्षर पाहून आधी वाटलं, माझा कुठलातरी जुना पेपर तपासून आला आणि मी नापास झालोय.

तू विचारलंस ते बरं केलंस. गिऱ्हाईक दुकानात येतं, तासभर घासाघीस करून महागाची गिटार घेतं आणि जाताना पिक फुकट मागतं. लग्नात नवरीसाठी सोनंनाणं घ्यायचं आणि भटजी उधार आणायचा, त्यातला प्रकार. तारेला शिवते ती पिक. आवाजाचा जन्मच तिथे होतो.

म्हणून दोन पाठवतोय. पांढरी आहे ती नायलॉनची. बोटांत धरलीस की वाकेल, तारांवरून सुळकन जाईल, हाताला अजिबात त्रास नाही. पण तार सोडताना 'फट' करते. भराभर छेडायला चांगली, एकेक सूर वेचायला नाही. दुसरी तपकिरी ठिपक्यांची, ती सेल्युलॉइडची. हिचा आवाज उजळ आणि गोड. बोटाने जोरात घासून नाकाशी धर, कापराचा वास येईल. कारण त्यात कापूर असतोच.

आता धरायचं कसं ते सांगतो. पिकला एक टोक असतं आणि वर दोन गोल कोपरे. आम्ही त्यांना खांदे म्हणतो. सगळं जग टोकाने वाजवतं. प्रेमराज पिक फिरवून खांद्याने वाजवायचा. टोकाने सूर टोचतो म्हणायचा. तूही खांद्याने वाजवून बघ.

काकूंना नमस्कार सांग.

हितेंद्र

सोबत : पिक दोन. नायलॉन एक, सेल्युलॉइड एक.


धुळे
२५ ऑगस्ट २०२४

हितूभाऊ,

प्रयोग शास्त्रशुद्ध केला. मायला भिंतीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे माझ्या हातात काय आहे ते दिसायला नको. ती म्हणाली, "माले शिक्षा करी का काय?" पण बसली.

नायलॉनची पिक. चार सूर झाले नाहीत तोच, "हाऊ कागद फाडस." संपलं. दुसऱ्या संधीची सोय नाही.

सेल्युलॉइडची मी आधी घासून पाहिली. खरंच कापूर. मायने भिंतीकडे पाहतच विचारलं, "आरती शे का?" मग खांद्याने वाजवली. या वेळी ती शेवटपर्यंत गप्प होती. वाजवून झाल्यावर म्हणाली, "हाऊ बरा शे. पन दूर शे. मन्हा पोऱ्या जोडे बसीसन वाजाडे."

जोडे म्हणजे जवळ, तर मी खुर्ची ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि पुन्हा वाजवली. "आते?" म्हटलं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तरी दूरच शे."

अजून काय काय असतं तुमच्याकडे? आणि दादाची कोणती होती, ते तुम्ही लिहायचं विसरलात.

दिपमाला


जळगाव
८ सप्टेंबर २०२४

चि. दिपा,

गणपती बसलेत, दुकानात ढोल-ताशांची गर्दी आहे, तरी रात्रीच्या जेवणाआधी तुझ्यासाठी कानस घेऊन बसलो. एक पिक मीच घासून केलीय, नारळाच्या करवंटीची. ओबडधोबड आहे, कंगोरे राहिले असतील, हसू नकोस. दुसरी म्हशीच्या शिंगाची. जाड आहे, वाकणार नाही, आवाज खोल आणि सावळा. वाजवण्याआधी खोबरेल तेलाचं बोट लाव, नाहीतर कोरडी पडून तडकते. हाताला मात्र इतकी छान लागते की सोडवत नाही.

तुला एका म्हणीची आठवण करून द्यायचा मोह होतोय. नाचता येईना अंगण वाकडं. रागावू नकोस, तू माझ्यापुढे वाजवलेलं नाहीस. पण गिऱ्हाइकं मला रोज हेच सांगतात, पिक खराब आहे, तारा खराब आहेत.

तुझं पत्र वाचून पौष महिना आठवला. पौषात लग्नं नसतात, ऑर्केस्ट्रा बंद. मग मी पिशवी घेऊन तुमच्या गावी. ओट्यावर तुझे आबा आणि त्यांचे पाहुणे, पुढच्या खोलीत टीव्ही, तेव्हा आम्हाला मिळायची ती मधली खोली. कापसाच्या ढिगावर बसून वाजवायचो. अशी खाज सुटायची की ताल सोडून पाठ खाजवावी लागे. तू तेव्हा धुळ्याला कॉलेजात. काकू दाराशी बसून कवडी निवडायच्या, किडका पिवळा कापूस एकीकडे, चांगला एकीकडे. त्यांनी आमचं कौतुक म्हणून कधी केलं नाही. बराच वेळ मान खाली घालून ऐकायच्या आणि मग एवढंच, "पुरे व्हयनं आते. हात धुई ल्या, भाकर टाकस." ज्या दिवशी वाजवणं जमलं नसेल त्या दिवशी न बोलताच उठून जायच्या. म्हणून हे वाक्य आलं की प्रेमराज मला कोपराने ढोसून म्हणायचा, "चल, पास झालो."

तशी भाकरी त्यानंतर मला मिळाली नाही.

हितेंद्र

सोबत : शिंगाची एक, करवंटीची एक.


धुळे
६ ऑक्टोबर २०२४

हितूभाऊ,

तुमचं पत्र मायला वाचून दाखवलं. पाठ खाजवण्यापाशी ती तोंडाला पदर लावून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

निकाल वाईट आहे. करवंटीची पिक माझ्याही कानाला चालली नाही, तार खरवडल्यासारखं वाटतं. शिंगाची मला स्वतःला फार आवडली. तेल लावल्यावर तर ती बोटांतलंच एक बोट वाटते. पण माय म्हणाली, "हाऊ घुम्या शे. तोंडमाच बोलस." मी चिडले. म्हटलं, माय, पाच तऱ्हा झाल्या, एकही चालत नाही, तुला हवंय तरी काय? तर शांतपणे म्हणते, "वाजाडस तू, पन बोलस हाई घर."

हे ऐकून मला वाईट वाटलं. माझं घर तिला कधी आवडलंच नाही. दोन खोल्या, फरशी, सगळीकडे पांढऱ्या भिंती, शेजारी कोण आहे ते ठाऊक नाही. आबांनंतर दादाही गेल्यावर मी तिला इथे आणलं, शेत गावातल्या रतिलालकडे निमबटाईने, अर्ध्या वाट्यावर दिलं. तिला करमत नाही हे कळतं मला. रोज विचारते, वेचणी लागली का, बोंडं कशी आहेत. म्हणून तिला घेऊन गच्चीवर जाऊन वाजवलं. तिथे तर वाऱ्याने आवाजच राहीना.

एक मागते. तुम्ही एकदा या आणि तुम्ही वाजवा. माझा हात कच्चा असेल, अंगण वाकडं म्हणतच असाल मनातल्या मनात. तुमच्या हाताला त्याची सवय होती. दिवाळीच्या आत या. आणि त्याची पिक कोणती होती हे मी आता तिसऱ्यांदा विचारतेय.

दिपमाला


जळगाव
२० ऑक्टोबर २०२४

चि. दिपा,

दिवाळीच्या तोंडावर दुकान सोडता येत नाही, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. सवड झाली की बघतो. तोवर ही डेलरिन प्लास्टिकची पिक वापरून पाहा. पृष्ठभाग खडूसारखा कोरडा असतो, घामेजल्या बोटांतूनही सटकत नाही. आवाज गोल, ना फार उजळ ना फार मंद. बरेच जण हल्ली हीच मागतात.

काकूंची काळजी घे.

हितेंद्र

सोबत : डेलरिनची एक.


धुळे
१७ नोव्हेंबर २०२४

हितूभाऊ,

डेलरिनची पिक परत पाठवतेय. वाजवून पाहिली नाही.

मी तुमच्याकडे दुकानाची यादी मागितली नव्हती. तुम्हाला यायचं नसेल तर तसं लिहा, सवड झाली की बघतो हे आपल्यात चालत नाही. भाऊबीजेला दार वाजलं की माय उठून बघायची. तुम्ही दादाबरोबर यायचात ना ओवाळून घ्यायला. "हितू काब्र येत नही?" या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ? लग्नसराई आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आसू दे, कामधंदा शे."

काल भाजी निवडताना ती 'सांजनं' गुणगुणत होती. अर्ध्यावर थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली. मग मला हाक मारून विचारलं, "पुढे कसं शे वं?"

मी म्हणून दाखवलं. पण हितूभाऊ, मला भीती वाटते. एक दिवस ती पहिल्यापासूनच विचारेल.

दिपमाला


जळगाव
१ डिसेंबर २०२४

दिपा,

प्रेमराजची पिक माझ्याकडे आहे.

चोपड्याकडचा कार्यक्रम होता. शेवटच्या गाण्याआधी माझी पिक मोडली. त्याने स्वतःची मला दिली आणि त्या गाण्यात तो नुसत्या अंगठ्याने वाजवत राहिला. गिटारी सामानाच्या टेम्पोत चढवून झाल्यावर मी ती परत द्यायला लागलो तर गाडीला किक मारता मारता म्हणाला, "ऱ्हाऊ दे, सकाळ दे." सकाळी मला फोन आला तो त्याचा नव्हता.

तेव्हापासून ती माझ्या पाकिटात, फोटो ठेवायच्या कप्प्यात आहे. तू पहिल्या पत्रात विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर द्यावी लागली असती, आणि माझ्याकडे त्याचं दुसरं काहीच नाही. तुझ्याकडे गिटार आहे, काकू आहेत, घर आहे. मी कोण लागतो त्याचा? कागदोपत्री कोणीच नाही.

मी येत नाही त्याचं खरं कारणही लिहून टाकतो. दुकानात वीसेक गिटारी टांगल्यात. सूर लावून देतो, तारा घालून देतो, वाजवत नाही. हात तारांवर गेला की मी आपोआप डावीकडे बघतो. तो नेहमी डावीकडे बसायचा, त्याच्या मानेवरून मला कळायचं पुढे कुठे वळायचं ते. आता तिथे बघितलं की तबल्यांचं कपाट दिसतं. ऑर्केस्ट्रावाल्यांना मी बोट दुखतं म्हणून सांगितलंय. काकूंसमोर बसून मला बोट दुखतं म्हणता येणार नाही.

पिक साधीच आहे. सेल्युलॉइड, तुला पहिल्या पाकिटात पाठवली तीच जात. वरची अक्षरं झिजून गेलीत, एक खांदा पार सपाट झालाय. जपून ठेव असं लिहिणार होतो. नको. वाजव.

हितू

सोबत : त्याची पिक.


धुळे
१५ डिसेंबर २०२४

हितूभाऊ,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तुम्ही काही राखून ठेवलं नाहीत, तेव्हा मीही ठेवत नाही.

पिक मी आधी मायच्या हातात दिली. हे काय आहे ते सांगितलं नाही. तिने झिजलेल्या खांद्यावरून अंगठा फिरवला आणि मूठ मिटली. मग मला दिली आणि आपणहून भिंतीकडे तोंड करून बसली.

मी जिवापाड वाजवलं. एकही सूर चुकला नाही, शपथ. संपल्यावर मी वाट पाहत होते त्या भाकरीच्या वाक्याची. माय वळली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "हाऊ बी नही."

आता संपलं. त्याच्या हातातली पिक, त्याची गिटार, त्याची चाल आणि तरी तो नाही, म्हणजे मायच्या कानातूनच तो गेला. ती कशाशी ताडून पाहतेय तेच आता उरलेलं नसेल. मी तिला तसं बोलले नाही. पण ती काही वेडी नाही, तिलाही हेच वाटलं असणार. त्या दिवसापासून तिने 'सांजनं'चं नाव काढलेलं नाही आणि मी गिटार खोळीत घालून ठेवलीय. पिक माझ्या कानातल्यांच्या डबीत आहे.

तुमच्याजवळचं एकुलतं एक मागून घेतलं आणि ते वाया घालवलं. मला माफ करा.

दिपमाला


धुळे
१९ जानेवारी २०२५

हितूभाऊ,

तुमचं उत्तर आलं नाही, आणि ते मी समजू शकते. पण हे पत्र तुम्हाला वाचावंच लागेल.

रतिलालचा फोन आला होता. "ताई, बठ्ठा कापूस घरमाच शे, पाय ठेवाले जागा नही. भाव ऊना की ईकी टाकसूत, त्याना आगोदर एक डाव देखी जा." संक्रांतीची सुट्टी होती, मायलाही गावी जायचं होतं. निघताना मायने खोळीतली गिटार उचलली. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "घरनी वस्तू शे, घर देखी लेई." पारोळ्यापासून पुढे जीपमध्ये ती मांडीवर घेऊन बसली होती.

घर उघडलं. ओटा, पुढची खोली, सगळं तसंच. मधल्या खोलीचं दार मात्र ढकलून उघडावं लागलं. छातीइतका कापूस, भिंतीला भिडलेला, दाराशी तेवढी बसायला जागा. आत जाऊन मी मायला हाक मारली. आणि हितूभाऊ, माझी हाक माझ्या ओठांपाशीच थांबली. पुढे गेलीच नाही, परत आलीच नाही. कोणीतरी कानात बोलावं तसा मला माझाच आवाज ऐकू आला.

मी तिथेच उभी राहिले. नववीच्या वर्गाला दरवर्षी शिकवते, आवाज भिंतीवर आपटून परत येतो, मऊ वस्तू तो पिऊन टाकतात. परीक्षेत प्रश्नही घालते. आणि माय मला ऑक्टोबरात साध्या शब्दांत सांगत होती की वाजवतेस तू पण बोलतं हे घर, तेव्हा मी तिला गच्चीवर नेलं.

माय मागून आली, दाराशी बसली, ढिगातून पुढ्यात कापूस ओढला आणि कवडी निवडायला लागली. कोणी सांगितलं नाही, हातांनीच सुरू केलं. मी गिटार काढली. दादाची पिक इथे धुळ्यात डबीत राहिलेली. खोळीच्या कप्प्यात चाचपलं तर तुम्ही पाठवलेली पहिली सापडली, नायलॉनची, कागद फाडणारी. म्हटलं असू दे. कापसावर चढून बसले, ती फिरवून खांद्याने धरली आणि 'सांजनं' सुरू केलं.

फट नाही, घुमणं नाही, काही नाही. नुसती तार. एकेक सूर जिथे निघत होता तिथेच संपत होता, अगदी मायजवळ. मी मध्ये एकदा चुकलेसुद्धा. मायने मान वर केली नाही. हात चालूच होते, पिवळा एकीकडे, पांढरा एकीकडे. चाल संपली, मी पुन्हा सुरू केली. दुसऱ्यांदा संपत आली तेव्हा तिने मांडीवरचा कापूस झटकला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"पुरे व्हयनं आते. हात धुई ल्या, भाकर टाकस."

मी गिटार बाजूला ठेवली. मग इतकी रडले की नाकातोंडात कापूस गेला. बाहेर आले तर चुलीवर तवा होता आणि शेजारी ताटं तीन. एक तिचं, एक माझं. तिसऱ्याकडे मी बघत राहिले, तर माय म्हणते कशी, "हितू कोठे शे? पौष महिना शे ना?" ती भ्रमात नव्हती, हितूभाऊ. दादा नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्याचं ताट तिने मांडलं नव्हतं. तुमचं मांडलं होतं.

तुम्ही म्हणाला होतात, नाचता येईना अंगण वाकडं. अंगणच वाकडं होतं हो! तुमच्या पिका सगळ्या चांगल्या होत्या, आणि मायचे कानही.

माय गावीच राहिलीय, यायला तयार नाही. मी शाळेसाठी परत आले, शनिवारी पुन्हा जाईन. पण रतिलालने व्यापाऱ्याशी बोलणं पक्कं केलंय. २७ तारखेला, सोमवारी, गाडी लागेल आणि खोली रिकामी होईल. त्याला थांब म्हणता येत नाही, निम्मा कापूस त्याच्या घामाचा आहे. मायला सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे. कापूस ईकानाच ऱ्हास. पुढला साल परत ई." इतक्या महिन्यांनी ती पुढल्या सालाचं बोलली.

दादाची पिक परत पाठवतेय. मायनेच सांगितलं, तिच्या मुठीत होती तेव्हाच तिला कळलं होतं ती कोणाची ते. "ती हितूले दी दे. माले घर शे, त्याले काय शे?"

तुमची बहीण,
दिपमाला

सोबत : त्याची पिक.


जळगाव
२४ जानेवारी २०२५

दिपा,

पत्र परवा मिळालं. परवा आणि काल काहीच केलं नाही. फोन उचलला आणि ठेवला.

आज दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, भिंतीवरची एक गिटार काढली आणि ही पिक घेऊन बसलो. डावीकडे बघितलं. तबल्यांचं कपाट होतं. रडू आलं ते येऊ दिलं, हात थांबवला नाही. 'सांजनं' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. बोटं ताठरलीत, दोन जागी अडखळलो, काकू उठून जातील असंच वाजलं. तरी वाजलं.

हे पत्र टपालात टाकत नाही. टाकलं तर सोमवारी गाडी कापूस घेऊन जाईल आणि पत्र मागाहून येईल. खिशात घालून उद्या सकाळच्या बसने निघतो, पारोळ्याला उतरून पुढे मिळेल त्या गाडीने येतो. सूर्य कलायच्या आत पोचेन. तू ओट्यावर असशील तर तुझ्या हातात देईन, नसशील तर काकूंच्या. त्यांना वाचता येत नाही, पण पाकिटाशी त्यांना काम पडणार नाही.

सोबत : त्याची पिक, आणि मी.

हितू